शेऱ्याचा रकाना

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात
क्षेत्रीय कार्यालयातून कुणी वेळेवर घरी जात नाही.
'स' यादीतली कामं बिलावर चढवायची असतात,
नाहीतर निधी लॅप्स,
आणि लॅप्स झालेला निधी म्हणजे
शेजारच्या प्रभागाने पळवलेला घास.

मी कनिष्ठ अभियंता.
हातात टेप, काखेत मोजमाप पुस्तक.
हा फूटपाथ मी गेल्या मार्चमध्येही मोजलाय.
तेव्हा लाल ब्लॉक होते, आता करडे.
लांबी दोनशे दहा, रुंदी एक पॉइंट आठ.
लाल ब्लॉक धडधाकट होते, ते कुठे गेले,
यासाठी पुस्तकात रकाना नाही.

मल्लम्मा उकिडवी बसून
रबरी हातोडीने कडा जुळवत होती.
मी काही विचारलं नव्हतं,
तीच म्हणाली,
"साहेब, तुमच्या पुण्यात रस्ते लवकर म्हातारे होतात.
बरं हाय."
थट्टा होती की हिशेब,
मला अजून कळलेलं नाही.

घरी बायको म्हणते,
आपल्या नळाला दिवसाआड पाणी
आणि तुम्ही बाकं मोजताय.
तिच्याकडे उत्तर नसलेले प्रश्न फार.
मी भाकरी मोडतो.

दस्तगीर पेंटर बाकांवर नावं रंगवतो.
'यांच्या विशेष प्रयत्नांतून'
ही ओळ तो डोळे मिटून लिहील.
पडलेल्याचं नाव पांढऱ्याने बुजवतो,
निवडून आलेल्याचं निळ्याने काढतो,
पैसे दोन्हीचे घेतो.
उधळपट्टी म्हणालो तर ब्रश रॉकेलमध्ये बुडवत बोलला,
"उधळलेलं कुठंतरी पडतंच ना, साहेब?
माझ्या दारात थोडं पडलं."
मग जरा थांबून,
"पण पोरीच्या शाळेचं छत गळतंय.
तिथं नाव लिहायला जागा नाही,
म्हणून राहिलंय."

यंदा बाकं चाळीस. साडेसहा हजाराला एक.
जागेवर भरली अडतीस.
लेखापरीक्षणातल्या दातारबाईंनी
लाल पेन्सिलीने गोल केला:
उर्वरित दोन?

एक सापडलं एका कार्यकर्त्याच्या गच्चीत,
त्यावर कुंड्या.
मी फोटो काढला, तो म्हणाला चहा घ्या.
मी घेतला नाही.
एवढीच माझी शूरगाथा.

दुसरं शोधायला दोन दिवस गेले.
जनता वसाहतीत, पर्वतीच्या उतारावर,
गल्ली जिथे पायऱ्या होते
आणि पायऱ्या जिथे दम काढतात,
त्या वळणावर.
सहा जणांनी बांबूला बांधून रात्री वर नेलं म्हणे.
यादीत ही जागाच नाही.
नावाची बाजू भिंतीकडे,
कारण पाठ टेकायला तीच बरी.

कौसाबाई बसली होती, गुडघ्याला फडकं बांधलेलं,
शेजारी दळणाचा डबा.
माझी टेप बघून घाबरली,
"नेणार का?"
मी म्हटलं, फक्त मोजतोय.
ती डबा मांडीवर घेऊन सरकली.
"मग बसून मोजा की."

बसलो.
खाली अर्धवट उड्डाणपूल,
दोन खांबांमध्ये आभाळ.
त्याच्या फायलीवर किती शून्यं आहेत
मला ठाऊक आहे, आणि त्यावर अजून कुणी टेकलेलं नाही.
पण म्हणून गच्चीतल्या कुंड्या
माफ होत नाहीत,
आणि लाल ब्लॉकही परत येत नाहीत.

लांबी दीड मीटर, बैठक पंचेचाळीस सेंटिमीटर.
तिघं बसतात.
सरकून घेतलं तर चौघं.

आज एकतीस तारीख.
'बाक जागेवर नाही' लिहिलं तर ते खरं आहे
आणि उद्या टेम्पो येऊन ते उतरवेल.
'जागेवर आहे' लिहिलं तर माझी सही खोटी.
दातारबाई दोनदा डोकावून गेल्या.
शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद,
मी पेन झटकतोय,
शाई आहे तरी.