अडल्यावर किती ओढतो

सगुणाबाई बोरकुटेचा उजवा हात
आता खांद्याच्या वर जात नाही.
आणि तिच्या रेशीमकिड्यांच्या शेडचा झरोका
नऊ फुटांवर. दोरी ओढून बंद करायचा.
शेजारी कपाशी. शेजाऱ्यानं पंप पाठीला लावला
आणि वारा इकडं फिरला, की हातात मोजून तीन मिनिटं.
औषधाचा नुसता वास लागला तरी
किडे पानावरच मान टाकतात.
"माह्या हातापेक्षा लवकर बंद होईन असं कायतरी बसवून दे," बाई म्हणाली,
"अन् आवाज नको करू. खात असतात ते."

म्हणून हा दांडा मागवला, नागपूरहून, एसटीच्या पार्सलनं.
वीतभर, चंदेरी, बारा व्होल्टचा.
त्याला दोनच तारा. सुलट लावल्या तर पुढं सरकतो,
उलट लावल्या तर मागं येतो,
याहून जास्त त्याला काही कळत नाही.
ताराच उलटसुलट करणारा कोणी मधे पाहिजे.

त्या मधल्यापाशी आठ दिवस अडलो.

पहिला आणला तो स्वस्तातला, लाल पाटीचा,
पाठीवर काळे पंख, गरमी सोडायला.
बारा दिले तर दांड्यापर्यंत दहाच पोचायचे.
मधला म्हटला की खाणारच, मी मनात म्हटलं,
बाजार समितीत उभं राहून काय कमी पाहिलं?
टेबलावर मात्र छान चालला.
शेडमध्ये बसवला तर झरोक्याच्या फटीत
कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं.
फळी अडली. दांडा ढकलत राहिला, ढकलतच राहिला,
आणि पाटीतून तो वास आला
जो मी ट्रान्झिस्टर रेडिओपासून ओळखतो.

डब्यावर छापलं होतं: दोन अँपियर.
ते चालतानाचं.
चालताना किती खातो हे सगळेच सांगतात.
अडल्यावर किती ओढतो, ते कोणी छापत नाही.

मग दांड्याचं टोक शिकंज्यात आवळलं,
मधे जुना काट्याचा मीटर,
आणि डोळे मिटून, म्हणजे एकच मिटून,
एका सेकंदापुरतं बटण दाबलं.
काटा पाच ओलांडून थरथरत उभा.

दोन रिले लावले असते तर भागलं असतं.
पण रिले टक् वाजतो, आणि फळी एकदम आपटते.
बाई म्हणते, चौथ्या कातीच्या झोपेत किडे दचकतात.
मला ते खरं वाटत नाही.
वाजवून बघायची हिंमतही झाली नाही.

शेवटी हा घेतला. वर लिहिलंय त्रेचाळीस अँपियर.
छापलेल्यातले मी दहा-बाराच धरले.
भाचा प्रज्योत हसला, "मामा, शेळीले बैलाचं जू!"
"असू दे. मानेले काचनार तं नाही."
शिवाय हळू सुरू होतो, हळू थांबतो,
आणि मधे मी सातचा फ्यूज टाकलाय. विश्वास विश्वासाच्या जागी.

ब्याटरी बाईनंच दिली,
तिच्या बंद पडलेल्या फवारणी-पंपातली,
दारात ठेवून तीनदा ओल्या फडक्यानं पुसलेली.
मी काही बोललो नाही.

रात्री दहाला जोडणी झाली.
आत किडे खात होते,
कोरड्या पाचोळ्यावरून शेळ्या चालाव्यात तसे.
बाईनं डाव्या हातानं बटण दाबलं.
फळी आली, निवांत, पाहुण्यासमोर दार लोटावं तशी.
मी ड्रायव्हरवर बोट ठेवलं. गार.

"दोरी काढू का?"
"राहू दे."

सकाळी पैसे घ्यायला गेलो, तर झरोक्यापाशी
कुंभारीण परत आलेली, तोंडात ओल्या मातीची गोळी.
बाई खालून बघत होती.
मी फडकं मागितलं. तिनं दिलं नाही.