एक रूबल बाकी

सदतीस ग्रॅम.
प्रयोगशाळेच्या काट्यावर केलं मी वजन,
दार आतून लावून,
कारण त्या काट्यावर फक्त कारखान्याचा माल चढतो.
खरं तर सदतीस पूर्णांक दोन.
ते दोन दशांश मी सोडून देते.
घरच्या वस्तूला इतकं कुणी मोजतं का?

मिटला की करंगळीएवढा.
उघडायला अंगठा पुरतो, आणि मग
टक्.
शेजारच्या खोलीत कुणी चष्म्याची डबी मिटावी, तेवढाच आवाज.

पातं पोलादाचं, अंग टायटॅनियमचं.
उरलच्या आमच्या या गावात टायटॅनियमची काय अपूर्वाई!
इथली पोरं आईच्या पोटातही
पाळीच्या भोंग्यावर कूस बदलतात.
पण ते सगळं विमानांचं, वॅगनी भरभरून जाणारं.
माणसाच्या खिशापर्यंत येत नाही.
हे आलं,
कारण मी ते नापास केलं होतं.

ऑक्टोबरातली गोष्ट. फरीत गालिमोविचची भट्टी.
त्याच्या मालाचा तुकडा माझ्या यंत्रानं ताणला
आणि तो तुटायच्या आधीच तुटला.
नमुना चारशे अठरा. वहीत लाल शाई.
त्याचा बोनस गेला.
बायकोच्या बुटांचे पैसे होते ते, मला मागाहून कळलं.
हिवाळाभर कॅन्टीनमध्ये
तो माझ्याकडे पाठ करून सूप प्यायला.
मीही काही कमी नव्हते.
आकडा तो आकडा.

मार्चमध्ये, बर्फ अजून गुडघाभर,
बसथांब्यावर त्यानं हातमोजा काढला
आणि हा पुढे केला.
आतल्या अंगाला, स्क्रूच्या खाली, तिरपं धरलं तर दिसतं:
४१८.
मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलेल.
तो म्हणाला, "एक रूबल दे."

चाकू फुकट द्यायचा नसतो आमच्याकडे.
मैत्री कापली जाते.
(म्हणजे मैत्री होती तर. मला त्या थांब्यावरच कळलं.)
पाकीट लॉकरमध्ये राहिलेलं.
"उद्या देते," म्हटलं.

तेव्हापासून हा माझ्या खिशात आहे,
माझा आहे की नाही, देव जाणे.
बर्चखाली अळंबीचा देठ मातीलगत कापतो,
पार्सलांच्या सुतळ्या, खारवलेला मासा, भाच्याच्या पेन्सिली,
एकदा तर ओल्गा पेत्रोव्हनाची अडकलेली अंगठीसुद्धा,
म्हणजे अंगठी नव्हे, तिच्याभोवतीचा दोरा.
उणे तीसला लोखंड तळहाताची कातडी ओढतं.
हा ओढत नाही.
जरा वेळ मुठीत धरा,
हात कुठे संपला ते कळत नाही.

फरीत निवृत्त झाला, लेकीकडे निझ्नेकाम्स्कला गेला.
दर नववर्षाला फोन.
"माझा रूबल?"
"पोस्टात टाकलाय."
"पोस्ट फार मंदावलंय हल्ली."
एकोणीस वर्षं.
नाणं बटणांच्या डब्यात आहे, रोज दिसतं.
पाठवलं असतं
तर फोन कशाला आला असता?

यंदा नंबर लेकीनं लावून दिला.
थंडी किती, बटाटे टिकले का, झालं बोलून.
रूबलचं नाव नाही.
शेवटी मीच म्हटलं, "फरीत, तुझं देणं आहे माझ्याकडे."
"कसलं देणं?"

मला काही सुचेना.
चाकू काढला, रिसीव्हरपाशी धरला.
टक्.
मिटला. पुन्हा. टक्.

पलीकडे टीव्ही चालू होता.
कुणीतरी त्याला चहा घ्या म्हणत होतं.
मग त्याचा आवाज, भट्टीवरचा, जुना:
"बिजागरी सैल झालीय.
स्क्रू पाव फेरा आवळा.
पावच. जास्त नको."

आणि थोडं थांबून,
"कोण बोलतंय म्हणालात?"

"गिऱ्हाईक," मी म्हटलं.
"पैसे द्यायचे राहिलेत."