बारा चुंबक

डिसेंबरात किरुनात सूर्य उगवत नाही.
अकराच्या सुमारास आभाळ जरा निळं होतं,
वाकून बघतं आणि निघून जातं.
तेवढ्यात मुलं येतात.
नऊ मुलं, सतरा हातमोजे;
अठरावा कुणाचा ते रोज नव्यानं शोधायचं.

मी काही शिकवत नाही. पेटी उघडते.
आत बारा चुंबक, माझ्या मुठीएवढे,
लाल रंगाचे टवके उडालेले.
बारीक चुंबक आम्ही इथे आणत नाही.
पोटात दोन गेले तर आतड्याच्या भिंतींतूनही
ते एकमेकांना शोधून काढतात.
म्हणून हे मोठे. आणि एकच नियम:
बारा द्यायचे, बारा मोजून घ्यायचे.

मेल्कर चमच्याला लावून बघतो. टक्.
खिडकीच्या काचेला. काही नाही.
जॅकेटच्या चेनला. टक्.
मग माझ्या गुडघ्याला, कारण त्यानं ऐकलंय
की डॉक्टरांनी आत धातू घातलाय.
गुडघा दाद देत नाही.
"तुझा गुडघा खोटा आहे."
खोटाच आहे, राजा. टायटॅनियम म्हणतात त्याला.
शब्द त्याला भलताच आवडतो.
दुपारपर्यंत जो जो हाकेला ओ देत नाही
तो तो टायटॅनियम.

लोविसनं दोन टोपल्या मांडल्यात:
एक "येतो"वाल्यांची, एक "नको"वाल्यांची.
एक क्रोनाचं नाणं येतो म्हणतं,
पाचाचं नको म्हणतं.
"पण पाचाचं तर पिवळंधमक आहे!"
ती ते पुन्हा लावते, पुन्हा,
उलटं करून, फुंकर मारून,
शेवटी जरा जोरात, दम देत.

आन्ते फार बोलत नाही.
त्यानं दोन चुंबक समोरासमोर धरलेत
आणि ते जवळ यायला तयार नाहीत.
तो ढकलतो. हात थरथरतात. चुंबक घसरून बाजूला पळतात.
तो मधल्या रिकाम्या जागेत बोट घालतो,
चाचपतो, काढतो, बोटाचा वास घेतो.
"इथे हवा जाड झालीय," म्हणतो.
मी बावीस वर्षं हा खेळ मांडतेय.
पुस्तकातलं उत्तर मला येतं.
ते मी त्या दिवशी तोंडातल्या तोंडात ठेवलं.

मग कपडे, बूट, टोप्या, त्यात अर्धा तास.
मोज्यात चुंबक घालून, दोरी बांधून,
मुलं ते अंगणातल्या बर्फातून ओढत नेतात
कुत्र्याची पिल्लं फिरवल्यासारखे.
परत आणतात तर मोज्यांना काळी दाढी!
सेनाइतचे बाबा खाणीत मशीन चालवतात.
ती सांगते, ही दाढी खालून येते,
खाली सगळं असंच आहे, काळं आणि "येतो"वालं.
"सगळं?" आन्ते विचारतो.
बरंच, मी म्हणते.
"मग लोक ते का काढतात?"
चमचे करायला, सेनाइत म्हणते.

आन्ते बर्फात उभा राहून शाळेकडे बघतो.
खाली पोकळ झालंय म्हणून गाव सरकतंय.
वसंतात ही इमारत पाडणार.
पालकसभेत सांगून झालंय, मुलांना अजून नाही,
पण मुलांना कधी सांगावं लागतं?

संध्याकाळी मोजले. अकरा.
टोपल्या उपड्या केल्या, गाद्या झटकल्या,
बिरगित कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत शिरली.
शेवटी मी जमिनीवर बसले, खोटा गुडघा कुरकुरला,
आणि हीटरच्या मागे, भिंतीतून जमिनीत जाणाऱ्या
लोखंडी पाइपाला, अगदी खाली,
जिथे चार वर्षांचाच हात पोचतो,
तो घट्ट बसलेला.

ओढून बघितला. मग सोडून दिला.
वहीत लिहिलं: बारा.
खोटं नाही. खोलीत बाराच होते.

रात्री दीडला खाणीत सुरुंग उडाले, रोजच्यासारखे.
कपाटात कप वाजले.
मी अंधारात जागीच होते,
त्या पाइपाचा विचार करत, वेड्यासारखा.

सकाळी जाऊन पाहते तर तो तिथेच होता.
दुपारी त्याला एक चमचा लटकलेला.
मेल्करला विचारलं, तू लावलास का रे?
दोनदा हाक मारली.
तो टायटॅनियम होऊन बसला.