शेवटची रांग

भरतीला जातो म्हणालो
आणि बापाला वाटलं पोलीसभरती.
रात्रभर बाजारात कांद्याची पोती वाहून आलेल्या माणसानं
खिशातून वीस रुपये काढले, म्हणाला,
आधी केळी खा, वजनात बसशील.

भरती हे बँडचं नाव होतं. मी सांगितलं नाही.
केळी मात्र खाल्ली, चार,
रोहिदास मढवीच्या सायकलच्या दांडीवर बसून,
कोपरखैरण्याहून नेरूळपर्यंत साली भिरकावत.

शहाण्णवचा डिसेंबर. सारसोळ्याच्या जेट्टीअलीकडं
सिडकोनं भराव टाकून ठेवलेला प्लॉट,
ज्याला तोवर नुसता नंबर होता.
मांडवाचे बांबू रोहिदासच्या मामाचे, म्हणून आम्ही फुकट,
आणि फुकट्यांची रांग सगळ्यात मागची.
स्टेज काडेपेटीएवढं.
यमुना केणी म्हणजे एक पिवळा ठिपका,
गिटार म्हणजे त्या ठिपक्याचा वाकलेला हात.
पण घुमटाचा ठोका तळव्यांतून वर चढायचा.
नव्या मातीखाली
अजून पाणी होतं बहुतेक.

रोहिदासच्या बहिणीच्या हळदीत ऐकलेली चाल
ती वीज लावून वाजवत होती.
आणि रोहिदास, जो कॉलेजात
आपल्या गावची गाणी चुकूनही गुणगुणायचा नाही,
तोंड उघडं टाकून उभा.

तिसऱ्या कडव्याला जनरेटर बसला.

अंधार. शिट्ट्या. कुणाची तरी एक सणसणीत शिवी.
मग हळूहळू कळलं, ती थांबलेली नाही.
गातेय, नुसत्या गळ्यानं,
आणि पुढच्या रांगा ऐकून मागच्यांना सांगताहेत.
ओळ माणसांतून येत होती,
ट्रकमधून गाळ्यात पोती येतात तशी,
या खांद्यावरून त्या खांद्यावर.

माझ्यापुढच्या माणसानं मान वळवली.
माकडटोपी, विडीचा वास, थोडा मेथीचाही.
कानाशी आला, म्हणाला,
खाडीला वीट कुणी लावली.
पुढं सांग, म्हणाला.

दोन महिन्यांनी कॅसेट आली.
ती गात होती: खाडीला मीठ कुणी लावलं.
मीठ.
शेकडो तोंडांतून येता येता मिठाची वीट झाली
आणि वाटेत कुणा शहाण्यानं
क्रियापदही जुळवून घेतलं.

तोवर माझं पहिलं गाणं लिहून झालं होतं. विटेचं.
ते अजून गातात. गॅदरिंगला, मोर्चात,
एकदा तर एका बिल्डरच्या भूमिपूजनाला,
सगळी कडवी, मन लावून.
नंतर पोटापुरतं पुष्कळ लिहिलं,
मालिकांची शीर्षकं, मसाल्याच्या जाहिराती.
प्रत्येक करारात एक वाक्य असतं:
सदर रचना माझी स्वतःची आहे.
मी सही करतो. पेन जरा अडतं.

मागच्या वर्षी वाशीला, कान तपासायच्या दवाखान्यात
शेजारी बसलेले हसुराम तांडेल निघाले,
भरतीचे घुमटवाले.
मी ओरडून विचारलं, त्या रात्री अंधारात
मीठ होतं की वीट?
नीट? म्हणाले. कुठलं नीट रे बाबा,
आत शिट्टी वाजते, दिवसरात्र.
मग त्यांचा नंबर आला.

त्या रात्री घरी बाप जागाच होता.
झालं का? विचारलं त्यानं.
उंचीत बाद, म्हणालो.
त्यानं मला खालून वर एकदा बघितलं. त्याला पटलं.

पण त्याआधी, प्लॉटवर,
पुढं सांग म्हणाला होता तो माकडटोपीवाला
आणि मी वळलो होतो.
मागं कुणी नव्हतं.
पत्र्याचं कुंपण, मग चिखल, मग ओहोटीची खाडी.

तरी मी सांगितलं.
जरा मोठ्यानं, कारण तिकडं वारा होता.