वरून थोडी पात

सात वाजून दहा मिनिटांनी पुलावरून उतरते
एक पिवळी छत्री. पाऊस नसला तरी.
छत्रीखाली होनामी, मागे आज आठ जण,
गळ्यात एकसारखे बिल्ले,
पोटात आधीच दोन दुकानांचं रामेन.
मी तिसरा.
तिच्या कागदावर माझी नोंद आहे म्हणे,
‘नदीकाठची जुनी गाडी.’
जुना मी आहे. गाडी अकरा वर्षांपूर्वी नवी केली,
हप्ते फिटले गेल्या चैत्रात.

बाकावर आठ मावतात, पण
आठवा बसला की पहिल्याचं कोपर वाफेत जातं.

मी म्हणतो, या, बसा, पिशव्या पायाशी घ्या,
हाडं डुकराची आहेत, आत्ताच सांगतो,
मागाहून तोंडं वाकडी करू नका.
होनामी त्यांच्या भाषेत लांबलचक, गोडसं काही बोलते.
ते उठून वाकतात,
सगळे, खरकट्याच्या बादलीकडे तोंड करून.

मी म्हणतो, नूडल्स फुगतायत.
फुगलेल्याचे फोटो पोलीस काढतात.
होनामी बोलते. ते हसतात, टाळ्या वाजवतात.
मला इंग्रजी येत नाही,
पण माझ्या बोलण्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही
एवढं सदुसष्ट वर्षांत कळलंय.

एकदा तिला विचारलं,
नेमकं काय सांगतेस गं त्यांना?
‘तुम्ही म्हणता तेच, काका.
फक्त वरून थोडी पात घालते.’

आज कुणीतरी विचारलं, रस्सा एवढा पांढरा कसा,
दूध घालता का?
दूध! काल दुपारपासून पातेल्यापाशी उभा आहे मी.
मंद आचेवर रस्सा नितळ होतो. आम्हाला नितळ नको.
उकळी मोडू द्यायची नाही,
हाडानं हार मानेपर्यंत.
होनामीनं यातलं किती पोचवलं कोण जाणे,
एक दाढीवाला वहीत लिहीत होता.

मग त्या टोकाच्या बाईनं,
केस पांढरे, काड्या धरायला अजून चाचपडणारी,
खुंटीकडे बोट केलं.
आखूड निळा एप्रन.
तुमच्या मापाचा नाही, कुणाचा?

मित्सुएचा, मी म्हटलं.
पात ती चिरायची.
इतकी बारीक की रश्श्यावर पडताना आवाज नसे.
तिसरा हिवाळा आता.
मी चिरतो ती लांबट होते, एकीला दुसरी चिकटून राहते.
रोजची गिऱ्हाइकं काही म्हणत नाहीत.
एकानं तरी म्हणावं.

झारा हातात तसाच राहिला.
हे सगळं मी का बोललो, आणि फडकं कुठे ठेवलं,
दोन्ही आठवेना.

होनामीनं छत्री मिटली.
बोलली.
मला लागला तेवढाच वेळ तिला लागला,
थांबली तीही तिथेच, फडक्याच्या आधी.
कुणी हसलं नाही.
दाढीवाल्यानं वही मिटली.
मधल्या पोरानं वाडग्यातून एक लांब पात उचलली,
तिला दुसरी, दुसरीला तिसरी,
दिव्यासमोर धरली, आणि खाल्ली.
त्या बाईनं आपल्या भाषेत काही म्हटलं.
मी होनामीकडे पाहिलं.
‘म्हणतायत, लांब आहे.’

मी मान हलवली. आहेच लांब.

मग ‘काएदामा’ असं कुणीतरी ओरडलं,
पुलावर तिनं शिकवलेला शब्द, तीन जागी मोडलेला.
मी नव्या नूडल्स पाण्यात सोडल्या, वीस आकडे मोजले,
झटकल्या, त्याच्या उरलेल्या रश्श्यात टाकल्या.
लगेच दुसरा ओरडला. मग ती बाई.
दोन दुकानं पोटात असून!

निघताना पोरानं हळूच काही विचारलं.
होनामी म्हणाली, संडास कुठे विचारतोय.
गाडीला संडास नसतो, मी म्हटलं,
बागेत आहे, डावीकडे, कडी मोडकी आहे, पाय लावून बसायचं.
तिनं छत्री उघडली आणि सांगायला लागली,
सांगतच राहिली,
आणि आठही जण पोट धरून हसत पुलाकडे गेले.

एवढी पात कशावर घातली असेल,
देव जाणे.