गुरुवारी लाईट जाते तेव्हा

गुरुवारी धनकवडीत लाईट जाते,
पाणीही नसतं.
सोसायटीतले सगळे महावितरणच्या नावाने बोटं मोडतात
आणि मी कपाटात शिरते.

फ्रीज गप्प. पंप गप्प.
वरच्या इनामदारांचा मिक्सर गप्प.
सहा साड्या, दोन गोधड्या, नवऱ्याचा लग्नातला कोट,
यांच्यात आवाज कसा मांडी घालून बसतो,
भिंतीवर आपटून परत येत नाही.
स्टुडिओवाला तासाला नऊशे मागत होता.
कोट काही मागत नाही.

शार्दूल, माझा भाचा, म्हणाला,
मावशी, पहिल्या पंधरा सेकंदांत माणूस पकडायचा असतो.
मी म्हटलं, माणूस म्हणजे काय कोंबडी आहे?
पण ऐकलं त्याचं.
नमस्कार, मी अमुक, आज आपल्यासोबत आहेत तमुक,
सगळं काढलं.
आता भाग सुरू होतो तो थेट
पितळेवर चालणाऱ्या कानशीने.

कानस ताहेरभाईंची.
बोहरी आळीत तराजू दुरुस्त करतात.
गळ्याशी माइक लावला तर विचारलं, हा किती ग्रॅमचा?
मग म्हणाले, बाई, आधी रिकामा तराजू बघायचा.
रिकामाच कलत असेल
तर पुढची सगळी वजनं खोटी.

तेव्हापासून कुठेही गेले
की आधी एक मिनिट कुणाला बोलू देत नाही,
नुसती खोली रेकॉर्ड करते.
लोकांना वाटतं श्रद्धांजली आहे.
नाना पेठेत एक आजोबा तर उठून उभे राहिले.

रात्री कापायला बसते.
माझे म्हणजे, माझे अच्छा अच्छा,
एका भागात सेहेचाळीस हो ना.
सव्वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर
समोरच्याचं वाक्य मीच पुरं करत आले असणार,
म्हणून रांग भराभर सरकायची
आणि मला त्याचं कौतुकही व्हायचं.

ताहेरभाईंना विचारलं होतं,
तुमच्यानंतर दुकान?
अकरा सेकंद ते काही बोलले नाहीत.
बाहेरून टेम्पो गेला,
कुणीतरी साइड, साइड म्हणून ओरडलं,
साखळीचं पारडं हललं.
मग म्हणाले, चहा घ्या.

शार्दूल म्हणाला, हे मेलेलं आहे, उडव.
उडवलं.
ऐकलं तर ताहेरभाई
प्रश्न झटकून चहा पुढे करणारे कुणी दुसरेच.
परत जोडलं.

एकशे बारा जणांनी तो भाग लावला.
त्यातले चार मी, चार वेगवेगळ्या फोनांवर.
आलेख बाविसाव्या मिनिटाला
जिना संपल्यासारखा खाली पडतो.
शार्दूल काही बोलला नाही,
नुसतं बोट ठेवलं तिथे.

मी त्या बोटाकडे बघत बसले दोन दिवस.
नाव बदलू का? छोटे तुकडे करून टाकू का?
ताहेरभाईंचं रडू येतंय असं वर लिहू का?
(रडू आलंच नव्हतं.)
तुकडे केले तीन. एक बरा चालला, कानशीचा.

मग मार्केट यार्डातून एक निरोप आला.
कुणी कोंडे, कांद्याच्या गाळ्यावर हिशेबनीस.
टेम्पोनंतर वाजतं ते पारडंच ना?
मागे घेऊन तीनदा ऐकलं.
पुढचा कधी?

गुरुवारी, मी लिहिलं.
आणि लिहून बसल्यावर पोटात गोळा आला,
कारण आता दर गुरुवारी.

या गुरुवारी लाईट गेलीच नाही.
अख्खी बिल्डिंग खूश.
मी दूध फ्रीजबाहेर काढलं,
स्टुलावर चढून मेन स्विच खाली केला.
नवरा बाथरूममधून ओरडला,
आज जाणार नव्हती ना?

हो ना, म्हणणार होते.
नाही म्हटलं.
कपाटाचं दार आतून ओढून घेतलं
आणि कोटाला नाक लावून
एक मिनिट
रिकामा तराजू बघितला.