रकाना क्रमांक चौदा

तेरा रकाने आधीपासून होते.
आईचं नाव, पाडा, कितवं बाळंतपण,
वजन, वेळ, वगैरे.
चौदावा बाविस्कर डॉक्टरबाईंनी सांगितला
तेव्हा मी माऊस सोडून वर पाहिलं:
'नाळ किती सेकंदांनी कापली.'

मी ऑपरेटर. कंत्राटी, अकरा महिन्यांचा.
मला बाळंतपणातलं कळतं ते एवढंच
की रात्री लाइट गेली तर इन्व्हर्टर
आधी तिकडं द्यायचा, मग कॉम्प्युटरला.

मथुरा सिस्टरची कात्री
एकोणतीस वर्षं बाळाच्या रडण्याआधी पोचते.
त्यावर कुणी कधी टोकलं नाही,
उलट एका शिबिरात शाल मिळाली होती.
बाईंनी टॅबलेट पुढं केला.
कुठल्या कुठल्या देशांतली बाळं,
काहींची नाळ लगेच कापलेली, काहींची थोडं थांबून,
आणि पुढं काही महिन्यांनी
कुणाच्या रक्तात लोह जास्त उरलं ते.
सिस्टरनी चष्मा लावून सगळं वाचलं,
बोटानं सरकवत, अगदी तळटीपही.
मग म्हणाल्या,
"या पोऱ्या कोठला शेतस?
आपला चोपडाना शेतस का?"

मला वाटलं, बाई आता चिडणार.
बाई म्हणाल्या,
"बरोबर विचारलंत. म्हणून तर रकाना."

पहिली नोंद रेशमी बारेलाची.
मी दाराबाहेर, कीबोर्ड मांडीवर.
केळीच्या व्यापाऱ्यानं भेट दिलेल्या घड्याळात
सेकंदकाटा तेवढा धड होता.
आत बाळ आईच्या पोटावर, ओलं,
आणि सिस्टरचे हात पहिल्यांदाच रिकामे.
मिनिट एवढं लांब असतं
हे मला पगाराच्या दिवशीही कळलं नव्हतं.
"अजून ठोकी ऱ्हायनी," सिस्टर कुणाला तरी म्हणाल्या.
मग दारातून आवाज आला,
"लिख. बासष्ट."

रेंज पाण्याच्या टाकीवर मिळते, सातव्या पायरीला.
रोज संध्याकाळी मी तिथं बसून
आमची बाळं वर पाठवायचो.
गोल फिरत राहायचं, फिरत राहायचं,
खाली कापूस भरलेला ट्रॅक्टर जायचा,
मग हिरवी खूण.

एकदा बाळ निळं आलं.
सिस्टरनी क्षणात कापली आणि त्याला घेऊन धावल्या.
मध्यरात्री माझ्या टेबलाशी आल्या.
मी सवयीनं साठ टाकले होते.
"शून्य लिख," म्हणाल्या. "खोटं साठ नको लिखू."
बाळाचं काय झालं त्याचा रकाना वेगळा होता.
तो मी आधीच भरला होता.

सहा महिन्यांनी बोटाला सुई टोचायला
निम्मी लेकरं आलीच नाहीत.
कुणी उसाच्या तोडीला गेलेलं,
कुणाचा फोन दुसराच माणूस उचलायचा.
रिकाम्या चौकोनाला मशीन काही म्हणत नाही.
बाईंनी आलेख दोनदा काढला, दोनदा पुसला.
"एवढ्यावरून काही सांगता यायचं नाही."
सिस्टर हातमोजे उलटे काढत होत्या.
"तरी बी मी थांबसू."

माझे अकरा महिने भरले.
नवा मुलगा आला, धरणगावचा, हुशार,
माझ्या खुर्चीची उंची आधी बदलली.
त्यानं विचारलं, हा चौदावा कशाला?
म्हटलं, मथुरा सिस्टरना विचार.
त्या घड्याळाकडं बघत असल्या
तर मात्र जरा थांब.